स्टँडर्ड्स ऐकताना धून हरवते, तेव्हा नक्की काय ऐकायचं?

संथलय
मंडळी, प्रश्न बाळबोध आहे पण विचारतोच. सध्या जॅझ पियानोच्या नादाला लागलोय, त्यातही स्वतःच्या नव्या रचना वाजवणाऱ्यांपेक्षा जुनी स्टँडर्ड्स, म्हणजे सगळेच वाजवतात ती जुनी गाणी, वाजवणारे जास्त आवडतायत. बिल एव्हन्स, ऑस्कर पीटरसन, कीथ जॅरेट, म्हणजे जे पटकन सापडतात तेच. होतं काय, सुरुवातीला धून ओळखू येते, मान डोलायला लागते, आणि मिनिटभरात ती धून गायब. मग पुढची पाच-सात मिनिटं पियानोवाला कुठे कुठे फिरून येतो ते काही कळत नाही आणि शेवटी एकदम ती धून परत येते आणि मी म्हणतो, अरे हां, हेच चालू होतं की! मजा येते हे नक्की, नाहीतर ऐकत बसलोच नसतो, पण ती कसली मजा आहे हे कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही.

उदाहरण द्यायचं तर एव्हन्सचं ऑटम लीव्ह्ज घ्या, पोर्ट्रेट इन जॅझ या १९५९ मध्ये रेकॉर्ड झालेल्या अल्बममधलं. धून संपल्यावर एक तुकडा येतो, बास काहीतरी म्हणतो, पियानो त्याला उत्तर देतो, ड्रम्स जवळजवळ गप्प, असं बराच वेळ चालतं आणि मग तिघं एकदम सुटतात. तिथे दर वेळी अंगावर काटा येतो. का येतो?

आणि ही एवढी मोठी माणसं तीच तीच जुनी गाणी पुन्हा पुन्हा का वाजवत बसतात हेही कोणीतरी सांगा. थिअरी मला येत नाही, त्यामुळे जरा सोप्यात.

काळीपांढरी
धून कुठे जात नाही हो. तुम्हाला ऐकू येत नसली तरी त्या तिघांच्या डोक्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असते. ऑटम लीव्ह्ज ३२ बारचं गाणं आहे, एका बारमध्ये चार मात्रा. ३२ बार संपले की एक कोरस झाला, की लगेच पहिल्या बारपासून पुन्हा सुरू, त्याच कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गट), तोच क्रम. सोलो म्हणजे या फिरत्या ३२ बारांवर वाजवलेलं सगळं. पहिला कोरस धुनीचा, त्याला हेड म्हणतात, मधले कोरस सोलोचे, शेवटी पुन्हा हेड. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मधेच टाळ्या वाजवणारे लोक एकेकाचा सोलो संपला म्हणून वाजवत असतात, त्यांना काही गुपित माहिती असतं असं नाही.

एक करून बघा. सोलो सुरू झाला की मूळ धून मनातल्या मनात गुणगुणत राहायची, त्याच लयीत, पियानोवाला वर काहीही वाजवो, आपण आपली धून सोडायची नाही. सुरुवातीला दहाव्या-बाराव्या बारला तुमची गाडी घसरेल, हरकत नाही, पुढच्या कोरसला परत पकडा. एकदा का ते जमलं की मग दोन गोष्टी एकदम ऐकू येतात, तुमच्या डोक्यातली धून आणि त्याच्या बोटांतलं जे काही आहे ते, आणि मग कळतं की तो भरकटलेला नाहीये, तो धुनीच्या अगदी अंगाला अंग लावून चाललाय, कधी तिच्या अर्धी मात्रा आधी पोचतो, कधी जिथे धून टेकते तिथे मुद्दाम टेकत नाही आणि पुढच्या बारमध्ये जाऊन टेकतो. मोठ्या पियानिस्टचं मोठेपण मला तरी तिथे दिसतं, वेगात नाही. वेग आता पुष्कळांकडे आहे.

तुमच्या काट्याचं कारण. सर्वसाधारणपणे बासवाला प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालतो, वॉकिंग बास, त्याच्यावर आपला पाय हलतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये स्कॉट लाफारो तसा चालतच नाही त्या तुकड्यात. तो पियानोशी वाद घालतो, आणि पॉल मोशन ड्रम्सवर जेमतेम काहीतरी करतो. ठेका कोणीच उघड वाजवत नाहीये पण तिघांना तो पक्का माहितीये, आणि आपल्यालाही कुठेतरी आत कळत असतं की बार पुढे सरकतायत. एवढा वेळ दाबून ठेवलेला ठेका एका क्षणी उघडा पडतो, बास चालायला लागतो, आणि तुम्ही म्हणता तसे ते सुटतात. काटा येणारच.

जुनी गाणी का, तर सोयीचं कारण असं की सगळ्यांना येतात. एकमेकांना कधी न भेटलेले तिघं स्टेजवर चढतात, एक जण गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतो, की झालं, रिहर्सल वगैरे काही नाही. पण तेवढंच नाहीये. १९२० ते १९५० च्या दरम्यान ब्रॉडवेच्या नाटकांसाठी आणि सिनेमांसाठी गाणी लिहिणाऱ्यांनी, म्हणजे जेरोम कर्न, गर्शविन, रिचर्ड रॉजर्स, हॅरल्ड आर्लन यांनी कॉर्ड्सची बांधणीच अशी केलीये की आत फिरायला भरपूर जागा आहे. ऑटम लीव्ह्ज तर मूळचं अमेरिकनही नाही, जोसेफ कोस्मा नावाच्या संगीतकाराने १९४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये केलेली चाल आहे ती, फ्रेंच शब्द कवी प्रेव्हेरचे, इंग्रजी शब्द नंतर जॉनी मर्सरने लिहिले.

उशिराचा_श्रोता
काळीपांढरी यांनी सगळं बरोबर सांगितलंय पण मला वाटतं बार मोजत बसलं तर नवा माणूस पळून जाईल. माझा उपाय आळशी माणसाचा आहे. आधी ते गाणं एखाद्या गायकाकडून ऐका, शब्दांसकट. एला फिट्झजेराल्डचे सॉंगबुक अल्बम आहेत, १९५६ पासून पुढे आठ वर्षांत केलेले, एकेका संगीतकाराला एकेक अल्बम, त्यात अर्धी स्टँडर्ड्स सापडतील. किंवा नॅट किंग कोल ऐका, जो गायक म्हणून गाजला पण त्याआधी पहिल्या दर्जाचा पियानोवाला होता, पियानो-गिटार-बास, ड्रम्स नाहीतच, असा त्याचा ट्रिओ होता. शब्द एकदा बसले ना की पियानोवाल्याने कुठे श्वास घेतला, कुठे एखादा शब्द खाल्ला हे आपोआप कळतं, मोजायला लागत नाही.

आणि मग तेच गाणं वेगवेगळ्या हातांतून ऐकायचं. खरी चैन ही आहे.

आता पियानोवाला एरोल गार्नर घ्या. या माणसाला नोटेशन वाचता येत नव्हतं, कधी शिकलाच नाही. त्याचा डावा हात गिटारवाल्यासारखा दर मात्रेला कॉर्ड मारत राहतो आणि उजवा हात त्याच्या किंचित मागून येतो, इतका मागून की आता हा पडणार असं वाटतं आणि तो कधीच पडत नाही. पण मला सगळ्यात आवडतात त्या त्याच्या गाण्यांच्या आधीच्या प्रस्तावना. दणादण काहीतरी वाजवत सुटतो, कधी एखाद्या सिंफनीचा शेवट असावा तसं, कधी नुसतंच विचित्र, आणि कुठलं गाणं येणार याचा पत्ताच लागू देत नाही, त्याच्या स्वतःच्या बासवाल्याला आणि ड्रमरलाही देत नसे म्हणतात! बिचारे टांगलेले. आणि मग एका क्षणात तो सगळा गोंधळ विरून जातो आणि आपल्या ओळखीची साधी धून समोर येते, मी घरी एकटा असलो तरी हसतो मोठ्याने. कॉन्सर्ट बाय द सी ऐका, १९५५, कॅलिफोर्नियात कार्मेलला झालेली मैफल. रेकॉर्डिंग यथातथा, पियानोही काही फार सुरात नाही, तरी ऐका.

अहमद जमाल एकदम उलट्या टोकाचा. १९५८ चा शिकागोतल्या पर्शिंग हॉटेलमधला लाइव्ह अल्बम, बट नॉट फॉर मी. हा माणूस अर्धी धून वाजवतो आणि हात उचलून घेतो. उरलेली अर्धी तुम्ही मनात पुरी करता, आणि त्या रिकाम्या जागेत इस्रायल क्रॉस्बीचा बास आणि व्हर्नेल फूर्निएचा ठेका ऐकू येतो. असा अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत शंभराहून जास्त आठवडे होता, विश्वास बसत नाही. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस त्याच्यावर फिदा होता ते याच मोकळ्या जागांमुळे.

आणि पियानोवाला थेलोनियस मंक, त्याचं आय शुड केअर, १९५७ च्या सोलो अल्बममधलं. इतकं अडखळत, शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून वाजवलेलं, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल याला येत नाही. धुनीतला मात्र एक सूर इकडचा तिकडे नाही.

थोडक्यात बंदिशीसारखं आहे हो. बंदिश सगळ्यांना माहिती असते, आपण ऐकतो ते गवई तिचं काय करतो ते, आणि आवर्तन पुरं करून समेवर कसा येतो ते.

वाकडा_प्रश्न
मला हे सगळं कॉकटेल पार्टीत मागे वाजतं तसलं वाटतं, सॉरी. छान छान, गुळगुळीत. आणि जॅरेट वाजवताना कण्हतो ते तर सहनच होत नाही. एवढा महान आहे तर तोंड बंद ठेवून वाजवायला काय होतं?

ब्रशवाला
@वाकडा_प्रश्न कण्हण्याची सवय होते किंवा होत नाही, मधला मार्ग नाही, माझ्या घरात यावरून दोन पक्ष आहेत. पण तो उगाच कण्हत नाही, नीट ऐकलं तर बरेचदा जे वाजवतोय किंवा वाजवणार आहे तेच गात असतो, बेसुरं का होईना. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला पियानोवाला ग्लेन गूल्डही गुणगुणायचा, बाखच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो की.

गुळगुळीतपणाबद्दल, दोष थोडा आपल्या ऐकण्याचा असतो. स्टँडर्ड्स मागे ठेवून कामं करता येतात म्हणून आपण ती मागे ठेवतो. जॅरेट, गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम्स) यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कला स्टँडर्ड्सचा पहिला अल्बम केला तेव्हा हेच म्हणणारे पुष्कळ होते, की या लोकांना नवीन काही सुचत नाही का. आणि हे तिघं त्यानंतर तीस वर्षं तेच करत राहिले. त्या पहिल्या अल्बममधलं गॉड ब्लेस द चाइल्ड ऐका हेडफोन लावून, पंधरा मिनिटांचं आहे, चर्चमधल्या गॉस्पेलसारखा एक संथ जड ठेका धरलाय आणि तो सोडतच नाहीत. त्याला कॉकटेल म्हणून दाखवा.

मी स्वतः ड्रम्स वाजवतो (हौशी, मोठं काही नाही) म्हणून माझी तक्रार अशी की हा धागा फक्त पियानोवाल्यांबद्दल चाललाय. मोठा पियानोवाला स्टँडर्ड वाजवतो तेव्हा निम्मं काम बाकीचे दोघं करत असतात. बॅलड, म्हणजे संथ गाणं, असेल तर काड्यांऐवजी ब्रश स्नेअर ड्रमवर गोल फिरत असतो, ते शूऽऽ शूऽऽ ऐकू येतं ना, त्याच्यावर पियानोवाला निर्धास्त रेंगाळू शकतो, कारण मात्रा कोणीतरी धरून ठेवलीये. आणि सोलो संपत आले की ट्रेडिंग फोर्स, चार बार पियानो चार बार ड्रम्स, पुन्हा चार-चार. तेव्हाही ते ३२ बार फिरतच असतात, ड्रमरसुद्धा मनात धून म्हणत असतो, न म्हणणारा ड्रमर लगेच कळतो.

संथलय, तुम्हाला तो बास-पियानोचा तुकडा आवडला ना, मग त्याच तिघांचं २५ जून १९६१ चं व्हिलेज व्हॅनगार्ड ऐका. न्यूयॉर्कचा तळघरातला क्लब, १९३५ पासूनचा, रविवार होता, दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवले. माय फूलिश हार्ट पासून सुरू करा. लोकांच्या गप्पा, ग्लासांचे आवाज सगळं रेकॉर्ड झालंय. लोक चक्क बोलतायत! मला आधी त्यांचा राग यायचा, आता ते आवाज हवेसे वाटतात, एव्हन्स त्यांच्याकडे लक्ष न देता एकेक कॉर्ड असा ठेवतो की तो विझेपर्यंत पुढचा वाजवायची घाई नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, २५ वर्षांचा होता. एव्हन्सने नंतर काही महिने लोकांसमोर वाजवलंच नाही.

काळीपांढरी
@उशिराचा_श्रोता बंदिशीची उपमा मलाही आवडते पण ती फार ताणली तर फसवते. आवर्तन आणि सम इथपर्यंत ठीक. पण आपल्याकडे तानपुरा चालू असतो, षड्ज हलत नाही, सगळं त्या एका सुराशी नातं सांगतं. इथे खालची जमीनच दर बारला सरकते. त्यामुळे वरचा सूर तोच राहिला तरी त्याचं खालच्याशी नातं बदलतं, आणि पियानोवाल्याची निम्मी मजा त्यात आहे.

ऑल द थिंग्ज यू आर हे कर्नचं गाणं घ्या, १९३९ चं, नाटक आपटलं आणि गाणं राहिलं. ३२ नाही, ३६ बार आहेत. सुरुवातीला धून एकेका कॉर्डच्या तिसऱ्या सुरावर टेकत जाते, खाली कॉर्ड बदलतात, वर धून बदलते, तरी नातं तेच. पण कमाल पुढे आहे. मधला भाग, म्हणजे ब्रिज, संपताना धून पियानोच्या एका काळ्या पट्टीवर येऊन थांबते. खाली ई मेजर कॉर्ड आहे, त्या कॉर्डचा तो तिसरा सूर, अगदी निवांत बसलाय. तो सूर तसाच धरून ठेवतात आणि खालची कॉर्ड बदलून सी सेव्हन होते, आता तोच सूर टोचायला लागतो, ताणलेला, इथे राहवत नाही असा. आणि पुढच्या बारला खाली एफ मायनर येते, गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर आलेलं असतं, आणि तीच पट्टी, बोटही हललं नसलं तरी चालेल, आता घरी पोचलेली असते. चांगला पियानिस्ट या तीन बारांत काय करतो यावर मी त्याला जोखतो, हे माझं वेड आहे, सगळ्यांनी करायची गरज नाही. कोणी तिथे कॉर्ड्सची गर्दी करून तणाव वाढवतो, कोणी फक्त तो एक सूर वाजवतो आणि थांबतो.

पियानोवाला आर्ट टेटम आणि बेन वेब्स्टरचं हेच गाणं ऐका, सप्टेंबर १९५६. वेब्स्टर सॅक्सोफोनवर धून अगदी सरळ, हवा जास्त आणि सूर कमी अशी फुंकतो, आणि टेटम त्याच्या मागे, खाली, मध्ये, सगळीकडे पाण्यासारखा भरून असतो. टेटम त्यानंतर दोन महिन्यांत गेला, जेमतेम ४७ चा. त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने अगदी थोडं. ऑस्कर पीटरसन सांगायचा की लहानपणी टेटमची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याला वाटलं दोन माणसं वाजवतायत, आणि एकच आहे कळल्यावर काही आठवडे पियानोला हात लावायची हिंमत झाली नाही.

संथलय
बापरे, एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. धून गुणगुणायचा प्रयोग केला. ऑटम लीव्ह्जला दोन कोरस जमतं, मग पीटरसन असेल तर त्याच्या वेगात मी चिरडला जातो, एव्हन्सला जास्त टिकतो. एक मात्र झालं, सोलो संपून हेड येणार हे आता चारेक बार आधी कळतं, आणि ते कळण्यात भलताच आनंद आहे, उगाचच आपणही त्यांच्यातलेच असल्यासारखं वाटतं :)

ब्रिज म्हणजे नक्की कुठे सुरू होतो ते मला अजून कळत नाही. आणि सोलो पियानो, म्हणजे बास-ड्रम्स कोणीच नाही, तेव्हा काय धरून ठेवायचं? टेटमचं टी फॉर टू लावलं, १९३३ चं. पहिल्या मिनिटातच शरणागती.

उशिराचा_श्रोता
टेटमपासून सोलो सुरू करू नका हो. जॅरेटचा द मेलडी ॲट नाइट विथ यू घ्या, १९९९ चा. तो मधे क्रॉनिक फटीगने (सततच्या थकव्याचा आजार) इतका आजारी होता की वाजवणंच बंद होतं, त्यातून थोडा सावरल्यावर घरच्या स्टुडिओत एकट्याने रेकॉर्ड केलाय. त्यात सोलो जवळजवळ नाहीतच. धून वाजवतो, कॉर्ड्स जरा बदलतो, संपलं. आय लव्ह्ज यू पोर्गी ऐका. काही जणांना तो अल्बम फार साधा वाटतो, मला तसं वाटत नाही. एरवी धबधब्यासारखा वाजवणारा माणूस एवढं थोडं वाजवतो तेव्हा प्रत्येक सुराला किती वेळ द्यायचा याचा हिशेब उघडा दिसतो. २०१८ मध्ये त्याला दोन स्ट्रोक आले आणि डावा हात गेल्यातच जमा आहे, त्यामुळे जे आहे ते रेकॉर्डिंगवरच. (कण्हणं यात अगदी कमी आहे, वाकडा_प्रश्न यांनीही ऐकायला हरकत नाही.)

काळीपांढरी
ब्रिज ओळखायला ऑटम लीव्ह्ज घेऊ नका, त्याची रचना वेगळी आहे, पहिले आठ बार दोनदा येतात आणि मग पुढचे सोळा वेगळेच जातात. ए-ए-बी-ए वालं घ्या, म्हणजे आठ बार, तेच आठ परत, मग वेगळे आठ, मग पुन्हा पहिले आठ. ते वेगळे आठ म्हणजे ब्रिज. बॉडी अँड सोल सगळ्यात सोपं पडेल कारण तिथे गाणं चक्क पट्टी बदलतं, अर्धा सूर वर सरकतं, कान असला की कळतंच, आणि ब्रिज संपून परत खाली उतरतं ते तर हमखास. संथ असतं त्यामुळे चिरडले जाणार नाही.

सोलोमध्ये धरून ठेवायला डावा हात. ट्रिओमध्ये एव्हन्स डाव्या हाताने कॉर्डचा मूळ सूर बरेचदा वाजवतच नाही, तिसरा आणि सातवा आणि वर एखादा रंगाचा सूर, कारण मूळ सूर बासवाला देतोय. एकटा असेल तेव्हा तो सूर कोणीतरी द्यायला हवा, म्हणून डावा हात बासचंही काम करतो. टेटम तर डाव्या हाताने खालचा सूर आणि वरची कॉर्ड अशा उड्या मारत असतो, स्ट्राइड म्हणतात. टी फॉर टू पुन्हा लावलंत तर उजव्या हाताकडे दुर्लक्षच करा, खालच्या उड्या मोजा.

ब्रशवाला
आणि व्हॅनगार्डचे पाचही सेट ज्या क्रमाने वाजले त्या क्रमाने असलेला संच २००५ मध्ये आलाय, तीन सीडींचा, तो शोधा. सुट्या अल्बममध्ये क्रम मोडलाय. एकाच दिवशी तेच गाणं दुपारी एकदा आणि रात्री पुन्हा वाजवलंय, दोन्ही लागोपाठ लावून बघा आणि काय वेगळं वाटलं ते इथे लिहा.